एका लाथेत उतरणारा जॅक

माझ्या वडिलांनी आयुष्यात बरीच यंत्रे बनवली. त्यांतल्या एकालाच ते "माहं यंत्र" म्हणत. रेल्वेचा रूळ उचलण्याचा तो जॅक होता. ज्या सकाळी तो पूर्णपणे यशस्वी झाला, त्याच सकाळी त्याने एका माणसाचा उजवा हात चिरडला. दोष हाताचा की जॅकचा, एवढाच प्रश्न मग उरला. हाताचा ठरला तर त्या माणसाची नोकरी जाणार होती, जॅकचा ठरला तर वडिलांचे यंत्र. उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरातली इंजिनिअर मी होते.

आमचे वर्कशॉप लकडगंजात, आरामशिनींच्या रांगेच्या मागे होते. दिवसभर लाकूड चिरल्याचा आवाज असे आणि उन्हाळ्यात भुसा वाऱ्याबरोबर आत येऊन ग्रीसच्या डब्यांवर बसे. वडील मूळचे हुडकेश्वरच्या शेतकरी घरातले. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. काका शेती करत राहिले. वडिलांना विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने असे पकडले की ते त्याच्या मागोमाग शहरात आले. शाळा त्यांनी लवकर सोडली होती. तरीही लाकूड व्यापाऱ्यांसाठी ओंडके उचलण्याच्या साखळी-पुल्या आणि साबण करणाऱ्यांसाठी मिक्सर ते स्वतःच्या डोक्याने बनवत.

साबणाच्या त्या मिक्सरबद्दल आधी सांगितले पाहिजे. लोखंडी हौदात दोन जाड पाती एकमेकींच्या विरुद्ध दिशेने फिरत आणि चिक्कट लगदा मळत. लगदा कोपऱ्यात साचला की कामगार पाती चालू असतानाच हात घालून तो खरवडत. हौदाशेजारी लाकडी उलथणे ठेवलेले असे, पण उलथणे घ्यायला वळावे लागते आणि हात तर सोबतच असतो. वडिलांनी कोणालाही उपदेश केला नाही. त्यांनी हौदाला झाकण लावले आणि ते पाती फिरवणाऱ्या पट्ट्याच्या दांड्याला जोडले. झाकण उचलताच पट्टा मोकळ्या पुलीवर सरके आणि पाती जागच्या जागी थांबत.

"यंत्राले डोये नसते," ते मला म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत होते. "आत कोनाचा हात हाय, हे त्याले कोन सांगन? झाकण सांगते."

पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात सुरक्षा या विषयावर मी जे काही शिकले, त्यात या वाक्यात नसलेले फारसे काही नव्हते. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. कार्यशाळेच्या तासाला भाता चालवायची वेळ आली की मुले म्हणत, "राहू द्या, मॅडमचे हात काळे होतील." माझे हात लहानपणापासून काळेच होते, त्यामुळे ही थट्टा मला नेहमी अपुऱ्या माहितीवर आधारलेली वाटे. मला एम.टेक. करायचे होते, बाहेरच्या नामांकित संस्थेत, आणि त्यासाठी लागणारा विषय वडिलांच्या वर्कशॉपात तयार होत होता. जॅकच्या पेटंटचा अर्ज मीच टाइप केला होता. त्यावर दोन नावे होती.

शहरापासून काही मैलांवर एका खाणीची स्वतःची रेल्वेलाइन होती. तिथले जुने जॅक दुरुस्तीसाठी आमच्याकडे येत. रूळ गाडीच्या वजनाने ठिकठिकाणी दबतो. तो जॅकने उचलायचा, त्याला जखडलेल्या आडव्या स्लीपरखाली गिट्टी ठासायची आणि पुन्हा खाली सोडायचा, हे गँगमनचे रोजचे काम. जुना जॅक दातेरी होता. दोन माणसे लांब दांड्याला लोंबकळून त्याला एकेक दात वर चढवत, आणि उतरवतानाही तसाच एकेक दात उतरवत. मधेच गाडी आली, तर जॅक काढेपर्यंत जीव टांगणीला लागे. एकदा वडिलांच्या देखत मालगाडी अगदी जवळ येऊन थांबली आणि मुकादम रुळावर बसूनच हात जोडत राहिला. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात जॅक शिरला.

त्यांनी दोन गोष्टी साधल्या. आत गिअरची अशी रचना केली की एकटा माणूस, दम न लागता, रूळ उचलू शकेल. आणि बाजूला एक कळ ठेवली. तिला एक लाथ मारली की सगळे दात एकदम सुटत आणि रूळ एका झटक्यात खाली बसे. स्प्रिंगची जाडी, दातांवरचा भार, पोलादाची जात, ही सगळी आकडेमोड माझी होती. ती बरोबर होती. नंतर मी ती तीनतीनदा तपासली. आजही ती बरोबर आहे.

खाणीच्या इंजिनिअरसाहेबांनी चाचणीला परवानगी दिली. ते बरे गृहस्थ होते, नव्या गोष्टींची आवड असणारे. चाचणी यशस्वी झाली तर मोठ्या रेल्वेकडे शिफारस करतो, असेही त्यांनी सांगितले. तुलनेसाठी आधी जुन्या जॅकचे काम पाहू या, असे मी सुचवले, आणि त्या गँगचे गाणे मी पहिल्यांदा तेव्हा ऐकले.

दोन रुळांखाली दोन जॅक होते. ते एकाच वेळी उचलले नाहीत तर लाइन तिरकी होते. मुकादम दूर जाऊन गुडघ्यांवर बसे, गाल रुळाला टेकवे, एक डोळा मिटे आणि दुसऱ्याने रुळाची ओळ पाही. तिथून तो ओरडे आणि गँग उत्तर देई.

"साहेबाच्या घोड्याले—"

"हैसा!"

"चारा टाका थोडासा—"

"हैसा!"

"घोडा खाते, साहेब पायते—"

"हैसा!"

"आमचा डबा कोन पायते—"

"हैसा!"

प्रत्येक "हैसा"ला दांडे दाबले जात आणि रूळ एक दात वर चढे; उतरवतानाही असेच गाणे चाले. दांड्यावर नसलेलेही ओरडत. गिट्टी ठासणारे, पाणी पिणारे, सगळेच. त्यांच्यात एकाचा आवाज विलक्षण फाटका होता. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो सगळ्यांच्या वर निघे.

"तुहा आवाज ऐकून रूळ सोताच उठते बे," शेजारचा त्याला म्हणाला.

"मंग तुमी घरी जा ना," फाटक्या आवाजाचा माणूस म्हणाला. "मी एकटाच ओरडतो, सगळ्याइचा पगार मले द्या."

चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मला पाहून त्याने वडिलांना विचारले होते, "मालक, हे पोरगी जॅक शिकून राहिली का? बाप्पा! माही पोट्टी तर मले चहा बी करून देत नाई."

नवा जॅक आला आणि गाणे दोन-तीन दिवसांत बंद पडले. कोणी बंद केले नाही. एकटा माणूस सहज दांडा फिरवतो, तेव्हा बाकीच्यांनी ओरडण्याचे कारण उरत नाही. मुकादम आता नुसता हात वर करी आणि खाली घेई; जॅकवाल्यांची नजर त्या हाताकडे असे.

साहेब खूश झाले. "वा! आता कसं कारखान्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "तमाशा बंद झाला."

मुकादम मात्र वडिलांना म्हणाला, "मालक, तुमच्या जॅकनं आमचं तोंडच बंद केलं."

"तोंड बंद ठिवून पगार भेटते, बरंच हाय ना गा," वडील हसून म्हणाले.

हे वाक्य मी मुद्दाम नोंदवते आहे. ते त्यांना पुढे फार लागले.

शेवटच्या चाचणीच्या सकाळी मी लाइनीच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभी होते. कळ दाबल्यापासून रूळ बसेपर्यंतचा वेळ मोजायचा होता. ऊन चढले होते. रूळ उचललेला होता, माणसे गिट्टी ठासत होती. तेवढ्यात वळणावरच्या टेहळ्याने शिट्टी फुंकली: खाणीकडून मालगाडी निघाली होती. ठरल्याप्रमाणे मुकादमाने हात खाली घेतला. ठरल्याप्रमाणे जॅकवाल्यांनी कळीला लाथ मारली. दोन्ही रूळ एकदम, सपाट, सुरेख खाली बसले. मी स्टॉपवॉच थांबवले. वेळ आम्ही धरला होता त्याहूनही कमी होता.

मग तो फाटका आवाज आला. या वेळी त्यात शब्द नव्हता.

स्लीपरखाली एक धोंडा आडवा अडकला होता आणि तो काढायला त्या माणसाने हात घातला होता. हात मनगटापर्यंत स्लीपर आणि गिट्टी यांच्यामध्ये गेला होता. गाडीचा आवाज ऐकू येऊ लागला. कोणी त्याला ओढू पाहत होते, कोणी लाल झेंडा घेऊन पळत होते. वडिलांनी जॅकवाल्याला बाजूला ढकलले आणि दांडा स्वतः फिरवला. जुन्या जॅकने त्याला सोडवायला किती वेळ लागला असता, ते मी नंतर काढले आणि कोणाला सांगितले नाही. नव्या जॅकने रूळ भराभर उचलला. माणसांनी त्याला मागे खेचले. वडिलांचा पाय कळीवर होता, पण ते लाथ मारत नव्हते. ते ओरडत होते, "हात! हात निंगले का सगळ्याइचे?"

"निंगले! निंगले, मालक!"

मग त्यांनी लाथ मारली. माणसांनी जॅक ओढून काढले आणि थोड्याच वेळात गाडी आमच्या समोरून गेली, पूर्ण भरलेली, काही न झाल्यासारखी. जॅक ज्यासाठी बनवला होता, ते काम त्याने त्या सकाळी दोनदा निर्दोष केले.

हात मनगटापासून कापावा लागला.

साहेब इस्पितळात आले, तेव्हा वडील आणि मी तिथेच होतो. ते हळू आवाजात बोलले. नियम स्पष्ट होता: उचललेल्या स्लीपरखाली हात घालायचा नाही, अडकलेला दगड बीटरच्या टोकाने काढायचा. बीटर म्हणजे गिट्टी ठासायचे लोखंडी हत्यार. ते त्याच्या पायाशीच पडलेले होते. कंपनीची चौकशी बुधवारी होती. निष्काळजीपणा ठरला तर कंपनी त्याला ठेवणार नव्हती. जॅक नीट चालला की नाही, हे आम्ही यंत्र बनवणारे म्हणून सांगायचे होते.

"जॅक तर नीट चालला," वडील म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण वाईट वाटणे आणि निर्णय घेणे या दोन कामांचे त्यांचे कप्पे वेगवेगळे होते.

त्याची बायको व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हा. हात पुन्हा येत नाई, एवढं मले समजते. नोकरी राहीन का, तेवढं सांगा."



दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटले. तो शुद्धीवर होता, डोळे सुजलेले. बँडेजकडे तो पाहत नव्हता. मी विचारले, शिट्टी ऐकू आली नव्हती का?

"आली ना. शिट्टी चांगली ऐकली मी."

"मग हात काढला का नाही?"

"टाइम होता ना, बाई. म्हटलं, गानं सुरू होईन तवा काढू." मग त्यालाच ते विचित्र वाटले असावे. "गानं तर बंदच झालं होतं म्हना. मी काहून वाट पाहून राहिलो होतो, कोन जाने."

मी तिथून थेट लाइनीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथली गँग अजून जुनाच जॅक वापरत होती. माझी विचार करण्याची पद्धत साधी आहे: माणसे तीच, नियम तोच, नियम मोडण्याची सवयही वर्षानुवर्षांची तीच. हात पूर्वीही स्लीपरखाली जात होते. सकाळभर मी स्वतः ते जाताना मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. तरी चिरडलेला हात कोणाला आठवत नव्हता. म्हणजे जे बदलले, त्यातच कारण असले पाहिजे. आधी मला वाटले, वेग. जुना जॅक हळू उतरतो, माणसाला सवड मिळते. हे खरे होते, पण पुरेसे नव्हते. मी कडेला उभी राहून नुसते ऐकत राहिले.

दुपारकडे ते मला ऐकू आले. तिथल्या मुकादमाने रूळ उतरवायची ओळ टाकली, गँगने "हैसा" केले आणि मुकादमाने पुढची ओळ टाकलीच नाही. तो रुळाला गाल लावून तसाच राहिला. क्षणभराने एक गँगमन स्लीपरखालून हात काढून उभा राहिला, कंबर चोळली आणि बोंबलला, "हां, चालू द्या!" मुकादमाने मग ओळ टाकली.

वाकून, छाती गुडघ्यांवर दाबून, खांद्यापर्यंत हात आत घातलेल्या माणसाला ओरडता येत नाही. त्याच्या फुप्फुसात हवा नसते आणि तोंड जमिनीकडे असते. उत्तरात एक आवाज कमी पडतो. मुकादमाला माणसे दिसत नाहीत. त्याला फक्त रूळ दिसतो. पण त्याला ते उत्तर ऐकू येते, आणि उत्तर पातळ आले की तो थांबतो.

मी त्याला विचारले, मघाशी का थांबलात?

"कवा?" तो म्हणाला. "थांबलो असन. दम घ्यासाठी मानूस थांबत नाई का?"

"आणि गाणं कशासाठी म्हणता?"

"काहून म्हंजे? गानं नाई म्हटलं तर मानूस उभ्यानं झोपते, बाई. हे काम काय सिनेमा हाय का?" गँग हसली. त्याला खरोखर माहीत नव्हते. त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हते, म्हणून नवा जॅक आला तेव्हा कोणी हरकतही घेतली नव्हती. नियम म्हणून ते कोणी केलेच नव्हते. खाली वाकलेल्या माणसाला सूचना आणि दूरच्या मुकादमाला खबर, ही दोन्ही कामे ते गाणे करत होते आणि सगळे त्याला करमणूक समजत होते.

वर्कशॉपात परत आले, तेव्हा वडील एका नव्या मिक्सरसमोर उभे होते. पाती रिकाम्या हौदात फिरत होती. मी काही न बोलता झाकण उचलले. पट्टा सरकला, पाती थांबली.

"बाबा, जुन्या जॅकलाही झाकण होतं," मी म्हणाले. "ते गाणं होतं. आपण ते काढून टाकलं."

मी पाहिलेले सगळे सांगितले. शेवटी ते म्हणाले, "गानं कोनी यंत्रात धरते का वं?"

"नाही धरत. आपणही नाही धरलं."

ते स्टुलावर बसले. त्यांचे डोके मात्र लगेच चालू झाले, ते मला दिसले. "दुसरी कळ लावू. दोन्ही बाजूच्या दोघाइनं दाबल्याबिगर उतरनार नाई. आनि उतरायच्या आंधी घंटी वाजन. होते, सगळं होते."

"होतं. पण चौकशी बुधवारी आहे."

"बुधवारी यंत्र बराबर हाय म्हनून सांग. ते खोटं नाई. मंग कळ लावू."

"आणि तो?"

"त्याले मी इथं ठेवतो. वर्कशॉपात."

"कोणत्या कामावर, बाबा?"

त्यांनी हातातल्या पान्याकडे पाहिले. आमच्या वर्कशॉपात एका हाताने होणारे काम नव्हते. हे माझ्याहून त्यांना चांगले माहीत होते.

"तुहं नाव बी हाय त्या अर्जावर," ते हळूच म्हणाले. "तुहं शिक्षन त्याच्यावर हाय."

"माहीत आहे."

मग ते उठले, झाकण खाली घातले आणि पाती पुन्हा फिरू लागली. "तुले सांगायचं ते सांग," ते म्हणाले. "मी संग येतो. बोलनार नाई."

बुधवारी खाणीच्या यार्डात एका बाजूच्या लाइनीवर सगळे जमले. साहेबांना मी आदल्या दिवशीच विनंती केली होती की कागदावर काही लिहिण्याआधी मला एक प्रयोग दाखवू द्या. प्रयोग हा शब्द ऐकून ते तयार झाले. जुने जॅक लावून रूळ उचलला. स्लीपरखाली लाकडाचे ठोकळे ठेवले, म्हणजे रूळ कुणावर पडूच शकणार नाही. गँग त्याच माणसाची होती. तो इस्पितळात होता, म्हणून एक आवाज आधीच कमी होता, आणि मुकादमाला त्याची सवय व्हावी म्हणून मी त्यांना आधी काही वेळ गात काम करायला सांगितले. पहिल्या ओळी फार वाईट गेल्या. त्या फाटक्या आवाजाच्या जागी प्रत्येक "हैसा"त खड्डा पडत होता.

मुकादम दूर गाल टेकवून बसला. मी एका गँगमनला डोळ्यांनी खूण केली. आधी ठरल्याप्रमाणे तो वाकला आणि ठोकळ्याशेजारी स्लीपरखाली हात घातला.

"पाटलाच्या बैलाले—" मुकादम ओरडला.

"हैसा!"

पुढची ओळ आली नाही. मुकादम तसाच, एक डोळा मिटलेला. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी बोट ओठांवर ठेवले. मुकादमाने डोके उचलले आणि तिथूनच, चिडून, खेकसला, "कोन हाय बे खाली?"

कोणी हसले नाही. वाकलेला माणूस हात काढून उभा राहिला. मुकादम उठून आमच्याकडे चालत आला. काय झाले ते त्याला हळूहळू समजत होते. जवळ येईपर्यंत त्याचा चेहरा पार बदलला होता. त्या सकाळी हात खाली घेणारा तोच होता.

"मले समजते ते," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "मले ऐकू येते. आन् त्या दिवशी ऐकाले काहीच नव्हतं."

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "हे मी रिपोर्टमध्ये काय लिहू? गाणं बंद पडल्यामुळे अपघात?"

"असं लिहा," मी म्हणाले, "की उतरण्याआधी खाली कोणी आहे का, हे कळण्याची सोय जुन्या पद्धतीत होती आणि या जॅकमध्ये नाही. हात तेव्हाही आत जात होते. म्हणून दोष रचनेचा आहे."

ते वडिलांकडे वळले. "तुम्हाला मान्य आहे? तुमचं यंत्र आहे."

वडील बोलणार नव्हते. "साबनाच्या मिक्सरले मी झाकण लावलं होतं, साहेब," ते म्हणाले. "याले लावलं नाई."

निष्काळजीपणाचा ठपका आला नाही. माणसाची नोकरी राहिली; त्याला लाइन जिथे रस्ता ओलांडते तिथल्या फाटकावर बसवले. जॅक ट्रकमधून परत आले. दुसऱ्या कळीची रचना मी काढून साहेबांना दाखवली. त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली आणि परत दिली. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आता या लाइनीवर कोणी या जॅकला हात लावणार नाही. मीही लावू देणार नाही." पेटंटचा अर्ज आम्ही मागे घेतला. मी दुसरा विषय निवडला, घट्ट पदार्थ मिसळणाऱ्या यंत्रांचा, आणि एक वर्ष उशिरा का होईना, बाहेर पडले. वडिलांनी मला स्टेशनवर सोडले. जॅकबद्दल ते बोलले नाहीत. त्यानंतर कधीच बोलले नाहीत. दुसऱ्या कळीचा जॅक त्यांनी बनवलाही नाही.

पहिल्या सुट्टीत मी आले, तेव्हा ते एक गिरकी तयार करत होते. फाटक वर-खाली करणारा दोर गुंडाळायची गिरकी जड असते, दोन्ही हातांनी फिरवावी लागते. ही एका हाताने फिरे आणि सोडली तरी उलटी फिरत नसे. आम्ही दोघे ती घेऊन फाटकावर गेलो. तो माणूस डाव्या हाताने दांडा धरून छातीने ढकलत होता. प्रत्येक फेऱ्याला त्याचे अंग तिरके होई. त्याने फाटक पूर्ण वर नेले, मगच आमच्याकडे पाहिले.

वडिलांनी गिरकी दाखवली. त्याने ती डाव्या हाताने फिरवून पाहिली. अगदी हलकी होती.

"लय चांगली हाय, मालक," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. तो फाटकाच होता, पण खाली गेला होता. "पन राहू द्या. हे जड हाय, ते मले समजते तरी, कवा सुटते, कवा नाई."

वडिलांनी आग्रह केला नाही. आम्ही गिरकी परत आणली. बसमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती.

परत आलेल्या जॅकांपैकी एक वर्कशॉपात कामाला लागला होता. मिक्सरचे जड बूड उचलून त्याखाली पाय बसवायला तो सोयीचा पडे. उतरवायची वेळ आली की वडील पाय कळीवर ठेवून मोठ्याने विचारत, "हात?" आणि फिटर आपापल्या जागेवरून उत्तर देत, "नाई, मालक!" सुरुवातीला त्यांना हसू येई, मग अंगवळणी पडले. प्रत्येकाचे उत्तर आल्याशिवाय ते लाथ मारत नसत.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी दुपारी त्यांचा डबा घेऊन गेले. कसलासा सण होता, बाजार बंद होता, आरामशिनी गप्प होत्या. कामगार कोणी आले नव्हते. मिक्सरचे बूड जॅकवर उचललेले होते, पाय बसवून झाले होते, आणि वडील समोर स्टुलावर बसले होते. घाम वाळून त्यांच्या सदऱ्यावर पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. बराच वेळ ते तसेच बसलेले असावेत.

"काम झालं नाही का, बाबा?"

"झालं कवाचंच," ते म्हणाले. "इचाराले कोनी नव्हतं ना वं."

ते उठले आणि पाय कळीवर ठेवला.

"हात?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी वळून माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले. मी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात त्यांना दिसतील असे वर धरले. मग त्यांनी लाथ मारली.